वेगळ्या चवीचे व्हिनेगरमधले कांदे: शोधायचे कसे, पारखायचे कसे, आणि नाहीच मिळाले तर काय करायचं

धुराच्या वासाच्या कांद्यांची बरणी मागवली आणि दारात आलं चिप्सचं खोकं. हे माझंच. पानावर लिहिलं होतं ‘पिकल्ड ऑनियन, स्मोकी’, आणि चित्रात कांदेही होते. ब्रिटनमध्ये ‘पिकल्ड ऑनियन’ ही कुरकुरीत पाकिटांची एक ठरलेली चव आहे, मॉन्स्टर मंचसारख्या पाकिटांवर ती सर्रास छापलेली असते, हे मला तेव्हा माहीत नव्हतं. अशी फसलेली माणसं मी नंतर बरीच पाहिली. कोणाला तेलातले कांदे आले, कोणाला भलताच कडू कंद आला. कोणाला ‘बाल्सामिक’ (द्राक्षांचं गोडसर व्हिनेगर) लिहिलेल्या बरणीत साखरेचं तपकिरी पाणी आलं.

सगळ्यांची चूक एकच. चवीचं नाव शोधायचं, आणि नाव सापडलं की पैसे भरून मोकळं व्हायचं. पण बरणीवरचं नाव दुकानदाराचं असतं. चव असते ती कांद्याच्या जातीत, व्हिनेगरच्या प्रकारात आणि मागच्या घटकयादीत. त्यामुळे खालचे टप्पे दिलेल्या क्रमानेच करा. पहिले दोन टाळून थेट तिसऱ्यावर उडी मारणारेच फसतात.

टप्पा १: हवी ती चव आधी कागदावर मांडा

‘काहीतरी वेगळं’ हे शोधता येत नाही. एक कागद घ्या आणि चार प्रश्नांची उत्तरं लिहा. दहा मिनिटं लागतील.

कांदा कोणता? छोटे, पांढरे, पातळ सालीचे, गोटीएवढे कांदे म्हणजे सिल्व्हरस्किन. ते सौम्य असतात, आणि कॉकटेलमध्ये काडीला टोचलेले दिसतात ते बहुधा हेच. तपकिरी सालीचे, अक्रोडाएवढे कांदे उग्र असतात आणि दातांखाली फुटल्यावर नाकात झणका जातो. इटलीतला बोरेत्ताना चपटा, चकतीसारखा आणि मुळातच गोडसर. लाल कांदा बहुतेक वेळा चिरूनच मुरवतात. त्याचा रंग आंबटात पडला की गुलाबी होतो आणि सगळ्या बरणीत उतरतो. ‘पर्ल’ या नावाने जे विकतात त्यात दोन वेगळ्या वनस्पती येतात. खरा पर्ल कांदा लीक या कांद्यासारख्या भाजीच्या कुळातला असतो आणि आतून थरांऐवजी जवळजवळ एकसंध, पण बाजारात सिल्व्हरस्किनलाही पर्लच म्हणतात.

आंबटपणा कुठून येतो? बहुतेक लोक हा प्रश्न गाळतात, आणि नेमकी निम्मी चव इथेच असते. स्पिरिट व्हिनेगर पांढरं, धारदार, स्वतःचा वास जवळपास नसलेलं. त्यात घातलेला मसाला स्पष्ट कळतो. माल्ट व्हिनेगर जवाच्या माल्टचं. तपकिरी, भाजक्या वासाचं, आणि नाजूक सुगंध दाबून टाकणारं. त्यामुळे माल्टमध्ये गुलाब किंवा लिंबूसालीची चव शोधत असाल तर सोडून द्या. सायडर व्हिनेगरला सफरचंदाची छटा असते. तांदळाचं मऊ. शेरी व्हिनेगर सुक्यामेव्याच्या वासाचं, पण आम्लता किमान ७ टक्के, म्हणजे चांगलंच कडक. इटलीतल्या मोदेनाच्या बाल्सामिकला युरोपीय संघाचं भौगोलिक मानांकन २००९ मध्ये मिळालं. ते द्राक्षाचा रस आणि वाइन व्हिनेगर यांच्यापासून बनतं, म्हणून गोडी त्यात अंगचीच असते.

गोड किती, खारट किती? ‘आंबटगोड’ एवढं लिहून भागत नाही. युरोपातल्या बरण्यांवर १०० ग्रॅममागे साखर आणि मीठ छापलेलं असतं. घरात आवडलेली एखादी बरणी असेल, कशाचीही चालेल, तर तिच्यावरचे आकडे कागदावर उतरवा. पुढे तुलना करायला हाच गज.

वरचा वास कसला? मिरची, धूर, मध, बीट, केशर, मिरी, बडीशेप, वूस्टर सॉस, काहीही. पण एकच निवडा. ‘मिरची-मध-लसूण-धूर’ अशा चार नावांच्या बरणीत माझ्या अनुभवाने पहिलीच चव कळते, बाकीच्या फक्त छापलेल्या असतात.

तपासणी: कागदावर आता एक ओळ तयार असायला हवी. उदाहरणार्थ, ‘छोटा पांढरा कांदा, सायडर व्हिनेगर, साखर कमी, धुराचा वास.’ ही ओळ लिहिता येत नसेल तर अजून शोधायला बसू नका.

टप्पा २: ती चव ज्या मुलखातली, तिथला शब्द वापरा

मराठीत ‘कांद्याचं लोणचं’ टाकलं की तेल-मोहरीचं लोणचं समोर येतं, इंग्रजीत टाकलं की ब्रिटिश माल्टचे कांदे किंवा चिप्स. बाकीच्या जगाने काय केलंय ते या दोन भाषांतून दिसतच नाही. भाषांतराच्या अ‍ॅपमधून खालचे शब्द त्या-त्या लिपीत उतरवून घ्या आणि तेच शोधा.

नेदरलँड्स: ‘आम्स्टरडाम्से आउयन’. पिवळेधमक, आंबटगोड कांदे. हळद किंवा केशर घालतात, काही बरण्यांत नुसताच रंग असतो, ते पुढे लेबलवर कळेल. पांढऱ्या छोट्यांना तिथे ‘झिल्वरआउच्येस’ म्हणतात.

इटली: ‘चिपोल्लीने इन आग्रोदोल्चे’ म्हणजे आंबटगोडातले, ‘आल आचेतो बाल्सामिको’ म्हणजे बाल्सामिकमधले. सोबत ‘बोरेत्ताने’ हा शब्द जोडलात तर चपटे गोड कांदेच समोर येतील.

जपान: ‘राक्क्यो’. हा कांद्याचा जवळचा नातेवाईक आहे, कांदा नव्हे. लांबट, करकरीत, बहुतेकदा ‘आमाझू’ म्हणजे गोड व्हिनेगरमध्ये मुरवलेला. तोत्तोरीच्या वाळूच्या टेकड्यांवरचा प्रसिद्ध आहे. नेहमीच्या कांद्याचा कंटाळा आलेल्यांनी आधी हाच शोधावा असं माझं मत.

कोरिया: ‘यांगपा जांगाज्जी’. सोया सॉस, व्हिनेगर, साखर. काळपट रंग, खारट-गोड चव.

मेक्सिकोचं युकातान: ‘सेबोया मोराडा एन्कुर्तीडा’. लाल कांदा, कडवट-आंबट संत्र्याचा रस, ओरेगॅनो, कधी हाबानेरो मिरची. याची बरणी शोधण्यात वेळ घालवू नका. हा प्रकार घाईचा, त्या दिवशी करून त्या आठवड्यात संपवायचा. चिरलेला कांदा लवकर मऊ पडतो, म्हणून बंद बरणीत मिळाला तरी तो करकरीतपणा नसतो. घरी करा.

फ्रेंच, स्पॅनिश आणि जर्मन शोधांत प्रामुख्याने साधे पांढरे कांदेच हाती लागतात. ‘पती ओन्यों’, ‘सेबोयीतास’, ‘झिल्बरत्स्वीबेल्न’. टारागॉन ही सुगंधी पानं किंवा बडीशेपेच्या दांड्यांचा वास हवा असेल तर मात्र तिकडेच बघा.

थांबा, तीन सापळे आहेत.

पहिला, ‘फ्लेवर’ हा शब्द. ‘पिकल्ड ऑनियन फ्लेवर’ म्हणजे कांद्याच्या चवीचं दुसरंच काहीतरी. तुम्हाला हवेत ‘फ्लेवर्ड पिकल्ड ऑनियन्स’. शब्दांचा क्रम उलटला की माल बदलतो. शोधाच्या पेटीत उणे चिन्ह लावून ‘क्रिस्प्स’ आणि ‘स्नॅक’ हे शब्द वगळा.

दुसरा, इटालियन बरणीवर ‘सोत्ताचेतो’ म्हणजे व्हिनेगरमध्ये, ‘सोत्तोलिओ’ म्हणजे तेलात. तीन-चार अक्षरांचा फरक.

तिसरा, ‘जंगली कांदे’ म्हणून विकले जाणारे लाम्पाशोनी. दक्षिण इटलीतला हा कंद दिसतो छोट्या कांद्यासारखा, पण वनस्पती वेगळी आणि चव कडू. काहींना तीच कडू चव आवडते. कांदा समजून घेतलात तर पहिल्याच घासाला तोंड वाकडं होईल.

टप्पा ३: कुठे बघायचं, कोणत्या क्रमाने

इथे फार वेळ लावू नका, क्रम तेवढा पाळा. आधी बनवणाऱ्याची स्वतःची साइट, कारण पूर्ण घटकयादी तिथेच सापडण्याची शक्यता जास्त. मग चीज आणि खारवलेलं मांस विकणारी खास दुकानं, कारण असले कांदे त्यांच्याच जोडीला खपतात. मग कॉकटेलचं सामान विकणारे, वर्मूथ या मसालेदार वाइनमध्ये मुरवलेले छोटे कांदे त्यांच्याकडे मिळतात. सगळ्यांची सरमिसळ विकणाऱ्या मोठ्या बाजारी साइट सर्वात शेवटी. तिथे फोटो एका बरणीचा, वर्णन दुसरीचं आणि येते तिसरीच, असं मी दोनदा अनुभवलंय.

हंगामही बघा. ब्रिटिश बनवणारे विचित्र चवींच्या बरण्या नाताळाच्या तोंडावर काढतात, थंड मांस आणि चीजच्या ताटात त्या जातात म्हणून. फेब्रुवारीत ‘संपलं’ दिसलं तर ती चव बंद झाली असं धरू नका, ऑक्टोबरपासून पुन्हा बघा. राक्क्यो मे-जूनच्या आसपास काढतात, नवा माल त्यानंतरचा.

तपासणी: एका चवीच्या निदान तीन बरण्या यादीत हव्यात. एकच सापडली म्हणून तीच मागवली, तर पुढचा टप्पा निरुपयोगी होतो.

टप्पा ४: बरणीची मागची बाजू वाचा

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. मागच्या लेबलचा फोटो साइटवर नसेल तर विक्रेत्याकडून मागवा. देत नसेल तर ती बरणी यादीतून काढा.

घटकांचा क्रम. घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने लिहिलेले असतात. ‘मधाचे कांदे’ म्हणून विकलेल्या बरणीत मध मिठाच्याही नंतर आला असेल, तर तो नावापुरता आहे. युरोप आणि ब्रिटनमध्ये नावात ठळक केलेल्या घटकाची टक्केवारीही द्यावी लागते. ‘बाल्सामिक व्हिनेगर (३%)’ असं दिसलं की समजायचं, बाकीचं आंबट दुसऱ्याच कशाचं आहे. माझ्यासमोर आत्ता एक बरणी आहे. समोर मोठ्या सोनेरी अक्षरांत बाल्सामिक. मागे कांदे, पाणी, स्पिरिट व्हिनेगर, साखर, मीठ, मग बाल्सामिक, आणि त्याच्या मागोमाग ई १५०डी, म्हणजे कॅरॅमलचा रंग (‘ई’चे आकडे म्हणजे खाद्यपदार्थांत घालायच्या रंग, आम्ल वगैरेंचे युरोपातले क्रमांक). काळा दिसतो तो रंग द्राक्षाचा नाही.

व्हिनेगर की नुसतं आम्ल? ‘अॅसेटिक अॅसिड’ किंवा ‘ई २६०’ आणि पाणी एवढंच लिहिलं असेल तर ते आंबवून केलेलं व्हिनेगर नव्हे. ब्रिटनमध्ये अशा द्रवाला व्हिनेगर म्हणता येत नाही, ‘नॉन-ब्रूड कॉन्डिमेन्ट’ म्हणतात. खायला सुरक्षित, पण चवीला सपाट. वेगळी चव शोधायला निघालेल्याने त्यावर पैसे घालवू नयेत.

गोडी कशाची? साखर असेल तर ठीक. सॅकरिन (ई ९५४) किंवा सुक्रालोज (ई ९५५) दिसलं तर घास संपल्यावरही जिभेवर गोडी रेंगाळते. काहींना खपतं. मला नाही.

करकरीतपणा. कॅल्शियम क्लोराइड (ई ५०९) हे फोडी घट्ट राखण्यासाठी घालतात. दिसलं तर घाबरायचं कारण नाही, उलट कांदा मऊ लागणार नाही याची ती खूण. ‘पाश्चराइज्ड’ लिहिलेली बरणी उष्णता दिलेली असते. टिकते जास्त, दातांखालचा आवाज थोडा कमी.

निथळलेलं वजन. द्रवातल्या घन पदार्थांवर युरोपात एकूण वजनाबरोबर निथळलेलं वजनही छापावं लागतं. तीन बरण्यांची तुलना त्यावरच करा. उंच, देखण्या बरणीत बहुधा पाणीच जास्त असतं.

न चालणारे पदार्थ. युरोप-ब्रिटनमध्ये १४ अॅलर्जीकारक घटक यादीत ठळक करावे लागतात. इथे लागू पडतील ते म्हणजे जव (माल्ट व्हिनेगर), गहू आणि सोया (कोरियन प्रकार), मोहरी, सेलरी, आणि किलोमागे १० मिलिग्रॅमपेक्षा जास्त सल्फाइट. कांदा पांढराशुभ्र राहावा म्हणून सोडियम मेटाबायसल्फाइट (ई २२३) घालतात. दम्याच्या काही रुग्णांना सल्फाइटचा त्रास होतो, त्यांनी हे आधी बघावं. अमेरिकन लेबलवर गहू स्वतंत्रपणे सांगावा लागतो, जव नाही. तिथे ‘माल्ट’ हा शब्दच शोधा.

शाकाहारींनी थांबावं अशा दोन जागा. वूस्टर सॉसमध्ये मूळ कृतीप्रमाणे अँकोव्ही मासे असतात. लालभडक कांद्यांचा रंग बीटचा असू शकतो, तसाच ई १२०चाही असू शकतो, आणि तो किड्यांपासून काढतात.

तपासणी: टप्पा १ मधली तुमची ओळ आणि ही घटकयादी शेजारी ठेवा. चारपैकी तीन गोष्टी जुळल्या तरच पुढे चला.

टप्पा ५: मागवण्याआधी तीन प्रश्न

विक्रेत्याला लिहून विचारा, फोनवर नको. बरणीवरची ‘बेस्ट बिफोर’ तारीख कोणती? काच कशात गुंडाळता, आणि फुटली तर पैसे परत की बदली बरणी? विक्रेता परदेशातला असेल तर सीमाशुल्काच्या फॉर्मवर काय लिहिता?

तिसरा प्रश्न चमत्कारिक वाटेल, पण पार्सल अडकतात ती बरेचदा इथेच. ‘फूड’ किंवा ‘गिफ्ट’ एवढंच लिहिलेलं पार्सल उघडून बघितलं जाण्याची शक्यता जास्त. व्हिनेगरमध्ये टिकवलेल्या भाज्यांसाठी जगभर वापरला जाणारा एचएस संकेतांक २००१ आहे, आणि काकडी सोडून बाकीच्या २००१९० खाली येतात. विक्रेत्याने तो आणि ‘व्हिनेगरमधले कांदे’ असं स्पष्ट लिहिलं तर गोंधळ कमी होतो. तुमच्या देशात वैयक्तिक वापरासाठी किती खाद्यपदार्थ आणता येतो, हे मात्र पैसे भरण्याआधी तुम्हीच बघायचं. विक्रेता सांगणार नाही.

कोणी प्रवासातून आणणार असेल तर त्यांना एक गोष्ट बजावा. बरणी हातातल्या बॅगेत नको. द्रवात बुडालेला पदार्थ सुरक्षा तपासणीत द्रवच धरला जाऊ शकतो, आणि अनेक विमानतळांवर १०० मिलिलिटरची मर्यादा अजून आहे. चेक-इनच्या सामानात, दोन बंद पिशव्यांत, कपड्यांच्या मधोमध. पिशव्या दोन हव्यातच. व्हिनेगर सांडलेल्या सुटकेसचा वास वर्षभर जात नाही.

पहिल्या वेळी एकच बरणी मागवा. सहाचा संच स्वस्त पडतो खरा. पण आवडली नाही तर उरलेल्या पाच घरात बघत बसाव्या लागतात.

टप्पा ६: बरणी आल्यावर, उघडण्याआधी

झाकणाच्या मध्यावर बोट दाबा. आत खेचलेलं आणि घट्ट असायला हवं. टक्-टक् वर-खाली होत असेल तर हवा शिरलीय. झाकण फुगलेलं, कडेने गंजलेलं, किंवा उघडताना फस्सकन् वायू आणि फेस बाहेर आला तर चाखून बघायचं नाही. टाकून द्या.

मग उजेडात धरून बघा. इथे लोक उलट्या बाजूने चुकतात आणि चांगली बरणी फेकतात. कांद्यावर पिवळे ठिपके दिसले तर ती बुरशी नव्हे. कांद्यातल्याच क्वेर्सेटिन या पिवळ्या रंगद्रव्याचे ते कण असतात, जुन्या बरण्यांत जमतात, आणि निरुपद्रवी असतात. हिरवट-निळसर छटा कांद्यातल्या गंधकाच्या संयुगांमुळे येऊ शकते, तीही चालते. तळाशी मसाल्याचा गाळ असणं ठीक. चालणार नाही ते म्हणजे पृष्ठभागावर लोकरीसारखी वाढ, बुळबुळीत झालेला कांदा, किंवा आधी स्वच्छ असलेला द्रव अचानक दुधी होणं.

माल्टमध्ये बनवलेली छोट्या बनवणाऱ्याची बरणी असेल तर भरल्याची तारीख बघा. तपकिरी उग्र कांद्यांना मुरायला चार ते सहा आठवडे द्यावेत. त्याआधी उघडलीत तर बाहेर मसाला, आत कच्चा कांदा. पाश्चराइज्ड सिल्व्हरस्किनला थांबावं लागत नाही.

टप्पा ७: चाखताना

बरणी फ्रीजमधून काढून अर्धा तास बाहेर ठेवा. फार थंड कांदा करकरीत लागतो, पण वास मुका होतो. स्वच्छ, कोरड्या काट्याने एक कांदा काढा. बोटं बरणीत घालू नका. कांदा सुरीने उभा दोन भागांत कापा आणि कापलेली बाजू बघा.

चांगला मुरलेला कांदा आतपर्यंत एकसारखा, किंचित पारदर्शक दिसतो. कडेच्या दोन पापुद्र्यांना रंग आणि गाभा पांढरा, अपारदर्शक, असं असेल तर चव अजून वरवरची आहे. बरणी बंद करून दोन आठवडे विसरा. आधी मधला गाभा खा, मग बाहेरचा थर. उलट केलंत तर बाहेरच्या मसाल्यानंतर गाभ्याची चव कळणारच नाही. धुराची चव असलेल्या बरण्यांत हा फरक सर्वात ठळक. त्यांचा धूर बहुतेक वेळा द्रवात असतो, कांद्यात नाही. चमचाभर द्रव वेगळा चाखला की लगेच कळतं.

एकापेक्षा जास्त बरण्या असतील तर सौम्य ते उग्र असाच क्रम ठेवा, मिरची शेवटी. एका बैठकीला तीन बरण्या पुरे, चौथ्या आंबटाला जीभ दाद देत नाही.

उघडलेली बरणी फ्रीजमध्ये ठेवा, कांदे द्रवाखाली बुडालेले असू द्या, आणि लेबलवर लिहिलेल्या आठवड्यांत संपवा.

टप्पा ८: नाहीच मिळाली तर चव घरी चढवा

तीन महिने शोधूनही मिळाली नाही, किंवा मिळाली ती पचका निघाली, तर साधी बरणी आणून तिच्यावर काम करा. स्पिरिट व्हिनेगरमधले पांढरे सिल्व्हरस्किन घ्या. माल्टमधले घेऊ नका, ते कशालाही वर येऊ देत नाहीत.

१. जुना द्रव गाळून बाजूला काढा. कांदे धुऊ नका.

२. स्टीलच्या भांड्यात २५० मिलिलिटर, ५ टक्के आम्लतेचं व्हिनेगर घ्या. अॅल्युमिनियम, तांबं, लोखंड नको. दोन मोठे चमचे साखर, अर्धा छोटा चमचा मीठ. साखर विरघळेपर्यंतच तापवा. खळखळ उकळलंत तर वाफेने डोळ्यांत पाणी येईल, आणि फायदा काहीच नाही.

३. आंच बंद करून मसाला घाला. अख्खाच. पूड घातली की द्रव गढूळ होतो आणि पुढे खराब झालाय की नाही हे ओळखता येत नाही. धुराचा वास हवा असेल तर लापसांग सूचाँग हा पाइनच्या धुरावर वाळवलेला चहा एक छोटा चमचा घाला, पाच मिनिटांत गाळा. त्याहून जास्त ठेवलात तर तुरट होतो. बाल्सामिकसाठी दोन भाग पांढरं वाइन व्हिनेगर, एक भाग बाल्सामिक, आणि साखर निम्मी. तिखटासाठी सुकी मिरची.

४. पूर्ण गार झाल्यावर कांद्यांवर ओता. सगळे बुडायला हवेत. गरम ओतलंत तर कांदे मऊ पडतील.

५. फ्रीजमध्ये ठेवा. पाचव्या दिवशी एक चाखा, चव दहा ते चौदा दिवसांत जमते. महिनाभरात संपवा.

थांबा: यात पाणी घालून आंबटपणा ‘कमी’ करू नका. वरून तेल ओतू नका. ताजा लसूण किंवा ओली पानं ठेवून बरणी बाहेर फडताळात ठेवू नका. कांदा टिकतो तो आंबटामुळे. द्रवाचा पीएच ४.६ च्या वर गेला (म्हणजे आंबटपणा कमी पडला) आणि वर तेलाचा थर असला, तर बोट्युलिझम या जीवघेण्या विषबाधेच्या जिवाणूला हवं तसं घर मिळतं, आणि त्याचं विष दिसत नाही, त्याला वासही येत नाही. आंबट जास्त वाटलं तर साखर वाढवा, पाणी नाही.

लवंग आणि चक्रीफूल तिसऱ्या दिवशी काढून टाका. मी पहिल्यांदा दोन चक्रीफुलं बरणीत तशीच ठेवली होती, आणि बाराव्या दिवशी कांदा खाल्ला तेव्हा खोकल्याचं औषध घेतल्यासारखं वाटलं. आता अर्धं घालते, आणि काढायची तारीख झाकणावर पेन्सिलीने लिहून ठेवते.